आबांचे वायझॅग

आमचे आबा नौदलात स्टोकर, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, होते आणि १९७१ चे युद्ध त्यांनी ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या बॉयलर रूममध्ये, म्हणजे जिथून समुद्र दिसतच नाही अशा जागी काढले. त्यांच्या निधनानंतर ती नौका एकदा पाहून यावी असे फार वाटत होते, परंतु ती आता उरलेली नाही. १९९७ मध्ये निवृत्त झालेली विक्रांत काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ मध्ये ती मोडीत निघाली आणि तिच्या लोखंडातून पुढे मोटारसायकलीही निघाल्या. (ती बातमी वाचून आबा मनमुराद हसले होते.) म्हणून मी कोणार्क एक्स्प्रेसने विशाखापट्टणम गाठले. आबांच्या तोंडी हे गाव कायम ‘वायझॅग’ असे.

रामकृष्ण बीचवर ‘व्हिक्टरी अ‍ॅट सी’ हे १९७१ च्या विजयाचे स्मारक आहे. दक्षिणेकडे डॉल्फिन्स नोजची टेकडी समुद्रात घुसलेली दिसते. विक्रांतच्या शोधात आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास याच बंदराबाहेर बुडाली. ‘आयएनएस राजपूत’ या युद्धनौकेने टाकलेल्या डेप्थ चार्जमुळे (पाण्याखाली फुटणाऱ्या स्फोटकांमुळे) ती बुडाल्याचे आपले नौदल सांगते, तर पाकिस्तान ते अमान्य करतो. विक्रांत त्या वेळी अंदमानकडे होती. ती वायझॅगलाच असल्याचा आभास पूर्व नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल कृष्णन यांनी मुद्दाम निर्माण केला होता. हा विषय निघाला की आबा फक्त एवढेच म्हणत, “आम्ही तिथे नव्हतोच.”

बोलत ते बॉयलरविषयी. युद्धाआधीच विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेला होता आणि त्यामुळे तिच्या वेगावर मर्यादा आली होती. विमानवाहू नौका वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने वेगात धावली तर विमानांना उड्डाण सोपे जाते. वेग कमी म्हणजे डेकवर वारा कमी. शिवाय विमानांना डेकवरून जोराने पुढे फेकणारा विक्रांतचा कॅटपल्ट वाफेवर चालणारा होता. ४ डिसेंबरला सी हॉक विमाने तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजारवर आणि नंतर चितगाववर हल्ल्यासाठी झेपावली, तेव्हा त्यांना डेकवरून भिरकावणारी वाफ खालच्या बॉयलरांतूनच आलेली होती. कागदोपत्री आणि समारंभांत वैमानिकांची नावे येतात, ते रास्तच आहे, तरीही खाली घामाने निथळत प्रेशरच्या काट्यावर नजर ठेवून उभ्या असलेल्या माणसांचा उल्लेख स्मारकाजवळ उभे राहून मला फार हवासा वाटला.

त्यांचे जग थोडेफार उमगले ते समोरच वाळूवर आणून ठेवलेल्या ‘कुरसुरा’ पाणबुडीत. सोव्हिएत बनावटीची, सुमारे ९१ मीटर लांबीची ही पाणबुडी १९६९ मध्ये नौदलात दाखल झाली. निवृत्तीनंतर २००२ पासून तिचे संग्रहालय झाले आहे. एका कप्प्यातून दुसऱ्यात जाताना गोल दारातून आधी पाय, मग कंबर, मग डोके असे वाकून शिरावे लागते. पाइप, व्हॉल्व्ह आणि काटे यांतून उरलेल्या फटीत माणसांनी झोपायचे, जेवायचे आणि काम करायचे. आबा घरीसुद्धा पलंगाच्या अगदी कडेला, हात अंगाशी घेऊन का झोपत, याचे उत्तर मला तिथल्या बर्थकडे पाहून मिळाले.

आत माहिती सांगणारे गृहस्थ निवृत्त नौसैनिक होते. माझे आजोबा विक्रांतवर बॉयलर रूममध्ये होते असे सांगताच त्यांनी मला डिझेल इंजिनांच्या कप्प्यात थांबवले आणि मागची रांग खोळंबली तरी तिन्ही इंजिनांचे काम सविस्तर समजावले. मग एकदम त्यांनी विचारले, आजोबांना कमी ऐकू येत असे का? आजी शेवटची कित्येक वर्षे त्यांच्याशी ओरडूनच बोलत असे, आणि घरात सगळे ते वयोमानाचे समजत. मी होकार देताच त्यांनी स्वतःच्या डाव्या कानावर बोट ठेवले आणि सांगितले की, तो याच आवाजाने नेला.