रंगाखालचा राखाडी थर

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत पोलादी भागांना रंग देण्यापूर्वी जे फॉस्फेटिंग केले जाते, ते वरून चढवलेले लेपन नसते. सौम्य आम्लद्रावणात पृष्ठभागावरचे थोडे लोखंड विरघळते, तेथील आम्लता कमी होते आणि त्यामुळे झिंक फॉस्फेटचे न विरघळणारे सूक्ष्म स्फटिक धातूवरच रुजतात. या स्फटिकांच्या खाचाखोचांत रंग घट्ट पकड घेतो, आणि कुठे ओरखडा उमटलाच तर गंज रंगाखालून सहजासहजी पसरत नाही.

माझ्या मते या कामाचा कस फॉस्फेटच्या टाकीआधीच लागतो. तेल काढून धुतलेला जॉब, म्हणजे रंगवायचा पोलादी भाग, पाण्यातून उचलून धरावा: पाण्याचा पापुद्रा सलग राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ आहे, आणि तो फाटून थेंब जमू लागले तर तेल उरले आहे, मग पुढची टाकी कितीही उत्तम असो, तेथे डाग पडणारच. त्यानंतर टायटॅनियमयुक्त क्षारांच्या द्रावणात बुडवल्यास स्फटिक बारीक आणि दाट येतात. खर्च वाचवण्यासाठी ही पायरी गाळणे मला मुळीच पटत नाही.

पावसाळ्यात तर दोन टाक्यांच्या मध्ये जॉब रेंगाळला तरी त्यावर तांबूस झाक येते. फॉस्फेटचा थर मुळात सच्छिद्र असल्याने त्यावर रंग किंवा तेल लवकर द्यावेच लागते. गिअरसारख्या घासल्या जाणाऱ्या भागांसाठी मात्र मँगनीज फॉस्फेट वापरतात. त्याची टाकी सुमारे ९५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावी लागते आणि त्याचा काळपट थर तेल धरून ठेवतो.