रक्तदात्याची काळजी सुई टोचण्याआधीच सुरू होते

बेळगाव, खानापूर, निपाणी या आमच्या सीमाभागात गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या निमित्ताने रक्तदान शिबिरे भरतात, आणि किती पिशव्या रक्त जमले याचे कौतुक होते. मला मात्र सुई टोचण्यापूर्वीची चौकशी अधिक मोलाची वाटते. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम आणि दोन रक्तदानांमध्ये पुरुषांसाठी ९०, तर स्त्रियांसाठी १२० दिवसांचे अंतर, या अटी दात्याच्याच रक्षणासाठी आहेत. त्यामुळे ‘एवढ्याने काय होतंय’ असा आग्रह कार्यकर्त्यांनी कधीही धरू नये.

प्रश्नावली कन्नड किंवा इंग्रजीत छापलेली असेल, तर ती मराठीत समजावून सांगावी, आणि तीही आडोशाला, कारण गावातल्या ओळखीच्या माणसांदेखत आजारपणाविषयी किंवा खासगी आयुष्याविषयी खरे उत्तर देणे अवघड असते. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी व सी, सिफिलिस आणि मलेरियासाठी चाचणी होते. परंतु संसर्ग अगदी नवा असताना तो चाचणीत सापडेलच असे नाही, आणि तिथे दात्याचा प्रामाणिकपणाच रुग्णाला वाचवतो.

रक्तदानानंतर चक्कर येऊ लागल्यास दात्याला लगेच आडवे करून पाय उंचावर ठेवावेत. ज्याला बरे वाटते आहे, त्यालाही सरबत-बिस्किटे देऊन काही वेळ नजरेसमोर बसवावे. प्रमाणपत्र आणि फोटोच्या गडबडीत त्याला मोटारसायकलवरून घाईने गावी जाऊ देऊ नये.