तुम्ही विचारलंत म्हणून: क्रिमिनॉलॉजी कामून?

लग्नाच्या पंगतीत, रसवंतीवर, एसटीत, सगळीकडं तेच. "लातूरला नीटच्या क्लासला दोन वर्षं काढलीस, अन् आता सायकॉलॉजी-क्रिमिनॉलॉजी कामून? फौजदार व्हायचंय का?"

नाही हो तात्या. क्रिमिनॉलॉजी म्हणजे माणूस गुन्हा का करतो, त्याचा अभ्यास. फौजदारकीला एमपीएससी लागते, पदवी कुठलीही चालते. नीटला कमी पडलो म्हणूनही नाही. म्हणजे पडलो, ते खरंय. पण घरचे रिपीट कर म्हणत होते, नाही मीच म्हणालो.

आमच्या होस्टेलात एकाचा मोबाईल गेला. संशय मेसमधल्या पोरावर. वय सोळा. रात्री त्याला गच्चीवर नेलं. आम्ही अकराजण, सगळे होऊ घातलेले डॉक्टर. कुणीतरी बेल्ट काढला. पोरगं ओरडलं नाही. फटक्यानं चप्पल निसटली की वाकून ती परत पायात घालायचं, अन् पुन्हा सरळ उभं राहायचं, शाळेच्या रांगेत राहावं तसं. चार-पाच वेळा तरी घातली असेल. मी मारलं नाही, दारात उभा होतो, असं मी दोन वर्षं सांगत आलोय. दारात होतो, पण कडी मीच लावली होती.

हे ऐकून लोक विचारतात, "पण चोरला होता ना?" चोरला होता. मग?

2015 चा बाल न्याय कायदा नंतर वाचला. अठराच्या आतल्या पोराला पोलीससुद्धा लॉकअपमध्ये ठेवू शकत नाहीत. सोळा ते अठरामधल्या पोरावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असला, तर त्याची मानसिक क्षमता अन् परिणामांची समज बाल न्याय मंडळ तपासतं, त्यासाठी मानसशास्त्रज्ञाची मदत घेता येते. ते काम मला करायचंय. अर्थात मोबाईलचोरी त्यात बसत नाही. आमच्या गच्चीवर तो मानसशास्त्रज्ञ आला नसताच. अन् आम्हा अकरांचं काय, ते कोण तपासणार? खरं तर मला तेच जास्त कळून घ्यायचंय.

प्रवेशाच्या एका अर्जात पानभर लिहून मागितलं होतं: हाच विषय का? आधी 'समाजसेवेची आवड' लिहिलं. वाचून माझं मलाच हसू आलं. मग गच्ची लिहिली, तर वाटलं, मार त्यानं खाल्ला अन् सीट मी मिळवतोय. आई म्हणाली, असलं कशाला लिहितोस, घेणार नाहीत. तरी गच्ची ठेवली.

कडीचं वाक्य तेवढं काढलं. ते इथंच पहिल्यांदा लिहिलंय.