आउग्सबुर्गमध्ये बसून दारव्ह्याची इंडिका

जुनी डिझेल गाडी चालू होईना की आपल्याकडे पहिला निकाल लागतो तो इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचा. "पंप गेला." दुसरा निकाल, "एवढा खर्च करण्यापेक्षा भंगारात देऊन टाका." आमच्या गावाकडच्या इंडिकाचे हे दोन्ही निकाल लागून झाले होते. २००४चं मॉडेल, १४०५ सीसीचं साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही की कॉम्प्युटर नाही. दिवाळीपासून गोठ्याशेजारी कडुलिंबाखाली उभी. तालुक्याच्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, दोन सेल्फ मारले आणि पंप खोलून बनवायचे पंधरा हजार सांगितले. दादाचा फोन आला, "गाडी विकून तेवढे नाही येत रे बाप्पा."

मी म्हटलं, पंपाला कोणी हात लावायचा नाही. रविवारी पोराला फोन घेऊन गाडीजवळ उभं कर.

ही हिंमत मला मी राहतो त्या जर्मनीनं दिली, आणि त्यात हौसेचा भाग कमी आहे. इथं गॅरेजची मजुरी तासाला शंभर युरोच्या पुढे सहज जाते, त्यामुळे चांगल्या नोकरीतला माणूसही हात काळे करायला लाजत नाही. तासावर भाड्यानं मिळणारी वर्कशॉप आहेत. लिफ्ट त्यांची, घाम आपला. दर दोन वर्षांनी गाडीची सरकारमान्य तपासणी होते आणि ती पोटात शिरून होते, पासिंगच्या दिवसापुरते चांगले टायर मागून आणले असं चालत नाही. आमच्या बिल्डिंगमधले एक निवृत्त आजोबा जुनी मर्सिडीज डिझेल बाळगून आहेत. त्यांची शिस्त एकच. जे फुकटात तपासता येतं ते आधी, मग शंभर-दोनशेचं, आणि महागडं सगळ्यात शेवटी. आपल्याकडे हे उलटं होतं. मजुरी स्वस्त, म्हणून खोलायची घाई.

रविवारी इथं ड्रिल चालवलं की शेजारी दार वाजवतो, आणि रस्त्यावर गाडी धुवायलाही बऱ्याच गावांत बंदी. म्हणजे माझा रविवार मोकळाच. हिवाळ्यात घड्याळात साडेचार तासांचा फरक असतो; माझा चहा होतो तेव्हा गावात जेवणं उरकलेली असतात. पुतण्यानं फोन बॅटरीला टेकवून ठेवला आणि मागून आईचा आवाज आला, "तिथं बसून का गाडी सुधरवते हा?"

पहिलं एअर फिल्टरचं डबडं उघडायला लावलं. क्लिपा निघाल्या आणि पुतण्या ओरडला, "काका, हे पहा ना, उंदरानं पुरी गादीच भरून ठेवली!" खरंच होतं. सरकीसकट कापूस, नीट गोल करून दाबलेला, मधे पिल्लं निजतील एवढी वाटी, कडेला फोडलेल्या सरकीची टरफलं. घरात कापूस येऊन पडला की उंदरांची दिवाळी असतेच, पण फिल्टरचा कागदही त्यांनी कुरतडला होता. नवा फिल्टर घ्यावाच लागला. कुरतडलेल्या फिल्टरवर गाडी चालवली तर धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि मग पिस्टनच्या रिंगांचा खर्च कोणी टाळू शकत नाही.

मग बॅटरी. टर्मिनलवर हिरवट-पांढरी बुरशी. आधी दोन्ही टर्मिनल काढून, गरम पाण्यात खाण्याचा सोडा टाकून धुतलं. बॅटरीच्या झाकणांतून ते पाणी आत जाणार नाही एवढं पाहायचं. इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी सोडवून दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासली. व्होल्ट मोजायचा तीनशे रुपयांचा मीटर घेऊन ठेवा, गाडीतलं सगळ्यात स्वस्त शहाणपण तेच. भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते आणि सेल्फ मारताना दहाच्या बरीच खाली गेली तर दुखणं बॅटरीचं किंवा वायरीचं. आमची तग धरून होती.

चावी फिरवली की पंपावरच्या सोलेनॉइडचा, म्हणजे विजेवर उघडणाऱ्या झडपेचा, 'टक' असा आवाज यायला हवा. नाही आला तर डिझेलचा रस्ताच उघडत नाही आणि दिवसभर सेल्फ मारा. आमचा टक वाजला. म्हणजे उंदरांनी तेवढी वायर सोडली होती.

आता मुख्य परीक्षा. पंप खरंच गेला की बिचाऱ्यावर आळ आहे, हे पंप न खोलता कळतं. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये ताजं डिझेल गाळून घेतलं, कॅन कडुलिंबाच्या फांदीला इंजिनापेक्षा उंच बांधला. टाकीकडून पंपात येणारा पाइप काढून तिथं फवारणी पंपाची पारदर्शक नळी जोडली, आणि परतीची नळीही कॅनमध्येच सोडली. गावातली चार माणसं जमली होतीच. एक जण म्हणाला, "आता गाडीले सलाईन लावली का?" लावली. नळीतले बुडबुडे निघून गेल्यावर इंजेक्टरच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल उडवणाऱ्या तोट्यांच्या, पाइपांचे नट एकेक पेच ढिले केले, सेल्फ मारला, चारही ठिकाणी डिझेल उडायला लागल्यावर कसले. पुन्हा सेल्फ. गाडीनं तीनदा खोकून पांढरा धूर काढला आणि पकडली.

पंप ठणठणीत. म्हणजे चोर टाकी ते पंप एवढ्याच वाटेवर.

इथं एक ताकीद. नट ढिले असताना बोटं जवळ नेऊ नका, डोळ्यांवर चष्मा ठेवा. इंजेक्टरकडे जाणारं डिझेल हवेच्या दाबाच्या शंभरपटीहून जास्त दाबाचं असतं. बारीक फवारा कातडीत घुसतो, वरून सुई टोचल्याएवढं दिसतं आणि आत बोट सडतं. तसं झालं तर हळद लावून बसायचं नाही, तडक दवाखान्यात जायचं.

चोर सापडला तो फिल्टरच्या आधीच्या रबरी पाइपात. वाकवून पाहिला तर क्लिपेखाली केसासारखी चीर. डिझेल बाहेर गळत नव्हतं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. पंप ओढतो तेव्हा त्या चिरेतून हवा आत जात होती, आणि रात्रभर गाडी उभी राहिली की लाइनमधलं डिझेल मागे टाकीत उतरत होतं. मीटरभर डिझेलचा पाइप आणि चार क्लिपा यवतमाळहून आल्या. फिल्टरच्या तळाची चकती ढिली करून पाणी सोडलं, तर वाटीत खाली पाणी आणि वर डिझेल असे दोन थर. ड्रमातलं डिझेल ओतलं जातं त्या घरात हे असणारच. फिल्टर नवा टाकला, लाइनमधला छोटा हँडपंप हातानं दाबून हवा काढली. पारदर्शक नळी काढून टाकायला विसरू नका, ती डिझेलनं कडक होऊन तडकते. ती फक्त पाहण्यापुरती.

दुपारी गाडी अशी फुरफुरली की दादानं लगेच शेतात चक्कर मारून आणली. मी म्हटलं, उद्या पहाटे बोलू. जानेवारीतली पहाट, अंगणात पारा दहाच्या आसपास. पुतण्यानं व्हिडिओ पाठवून ठेवला होता, मी उठल्यावर पाहिला. भरपूर सेल्फ, भरपूर पांढरा धूर, कच्च्या डिझेलचा वास, मग कुठं चालू.

"काका, यात तं प्लगच नाही, मंग पेटते कशी?" पोराचा प्रश्न बरोबर होता. हवा विसाव्या हिश्श्याहून लहान जागेत दाबली की इतकी तापते की वरून उडालेलं डिझेल आपोआप पेटतं. मी राहतो त्याच शहरातल्या कारखान्यात १८९७ साली रुडॉल्फ डिझेलनं हे यंत्र चालवून दाखवलं. पण थंड लोखंड ती उष्णता पिऊन टाकतं, म्हणून अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरला एक हीटर असतो. हीटरवरची पट्टी काढायची, १२ व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी हीटरच्या टोकाला लावायची. बल्ब लागला तर हीटर जिवंत. आमचे चारातले दोन मेले होते. काढताना मात्र जोर नको. रात्रभर गंज सोडवणारं तेल मुरू द्यायचं, थोडं ढिलं, थोडं घट्ट, पुन्हा ढिलं. हीटर इंजिनाच्या हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणात, तुटला की पंधरा हजार खरोखर लागतात.

दोन हीटर, दोन फिल्टर, पाइप, क्लिपा, ऑइल असं मिळून खर्च चार हजारांच्या आत बसला. काढलेलं जुनं ऑइल दादानं बैलबंडीच्या आसाला देण्यासाठी ठेवून घेतलं. इथं ऑइल विकणाऱ्या दुकानाला तेवढंच जुनं परत घ्यावं लागतं, नाल्यात सोडलं तर दंड बसतो. गावात निदान विहिरीजवळ ओतू नका एवढं मी सांगून ठेवलंय.

घरी करू नये अशी कामंही आहेत. ब्रेक हे एक. आणि टायमिंग बेल्ट. तो शेवटचा कधी बदलला ते दादाला आठवत नाही, बिलही नाही. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि मग भंगाराचा निकाल खरा होतो. बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर चांगल्या मिस्त्रीकडून बदलून घ्या, तोवर गाडी दारव्ह्याच्या बाजारापलीकडे नेऊ नका, असं मी म्हटलंय. दादा म्हणतो, कापसाचे पैसे आले की पाहू, आधी वहिनीच्या माहेरचं लग्न आहे नागपुरात, तिथं जाऊन येऊ. यावर आमचं भांडण चालू आहे. वहिनी माझ्या बाजूनं आहेत. बसची तिकिटं त्यांनी काढायला सांगितली आहेत.