पहाटे तीनला उठणाऱ्या बाईने गोळ्या कधी घ्यायच्या?

मी टीबीच्या कामात आहे, एसटीएस म्हणून, म्हणजे सीनियर ट्रीटमेंट सुपरवायझर. सांगली जिल्ह्यातला उसाचा पट्टा. कारखाने सुरू झाले की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात आणि आमचे फोन वाजायला लागतात. गेल्या सीझनला डिसेंबरात तिकडून असाच एक फोन आला, मॅडम आमची एक पेशंट तुमच्याकडे ऊसतोडीला आलीये, गावात असताना गोळ्या नीट चालू होत्या, आता फोनच लागत नाही, निक्षयवर (टीबी पेशंटच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) ट्रान्सफर करतो, जरा बघा. कार्डावर शेरा होता, पेशंट सहकार्य करत नाही.

आशाताईंना गाडीवर मागे बसवून टोळीच्या तळावर गेले तर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, सगळ्या रिकाम्या, दोन म्हाताऱ्या आणि बारकी पोरं तेवढी होती. मग विचारत विचारत फडावर. ती मोळ्या बांधत होती, वजन कार्डावर 38 किलो, आणि तीच बाई डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला लावलेल्या फळीवरून वर चढत होती. सगळ्यांसमोर टीबीचं नाव काढायचा प्रश्नच नव्हता, म्हणून आशाताईंनी सगळ्या बायकांकडे खोकल्या-तापाची चौकशी सुरू केली (ती तशीही करायचीच असते) आणि मी हिला घेऊन बांधाच्या पलीकडे बसले.

गोळ्या का सोडल्या असं मी विचारत नाही. विचारलं की समोरचा माणूस गप्प बसतो नाहीतर आपल्याला बरं वाटेल ते सांगतो. एका ट्रेनिंगमध्ये समाजशास्त्राच्या एक मॅडम आल्या होत्या, त्यांनी शिकवलं होतं की कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत सांगायला लावा, मधे बोलू नका. तसंच केलं.

"तीनला उठावं लागतंय ताई, भाकरी बडवायच्या, चारला फडात. गावातल्या शिस्टरनं सांगितलं व्हतं सकाळी उपाशीपोटी तिन्ही गोळ्या घ्यायच्या, म्हनून अंधारातच घ्यायची. दिस उगवस्तोवर पोटात ढवळतंय, वकारी येतीया, मोळी उचलताना गरगरतंय. बसलं की नवरा एकटा पडतोय, अन् खाडा झाला की पैसं कापत्यात. उचल तर आधीच घिऊन बसलोय."

मग थांबली, आणि खूप वेळाने हळूच म्हणाली की लघवी लालभडक होते, उसात बसली असताना एका बाईनं बघितलं आणि टोळीत बोलणं सुरू झालं की हिला आतून काहीतरी झालंय. तिला स्वतःलाही ते रक्तच वाटत होतं. रिफाम्पिसिनने लघवी, घाम, डोळ्यातलं पाणी सगळं तांबूस होतं, त्याने काही बिघडत नाही, हे एक वाक्य तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी कोपीत गेलो तेव्हा तिने पिठाच्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून दाखवली, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली, एक अर्धं वापरलेलं, बाकीची सील. म्हणजे गाव सोडताना भांडीकुंडी, कोयता, पोरं यांच्यासोबत तिने गोळ्याही बांधून आणल्या होत्या. औषध नको असणारी बाई असं करेल का?

मला अशा वेळी तुमकूरचा अभ्यास हमखास आठवतो. बंगळूरला 1959 मध्ये राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली, तिथल्या डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या टीबीच्या पेशंटशी घरी जाऊन बोलून घेतलं, 1963 मध्ये ते छापून आलं. तोवर समज असा की खेड्यातल्या लोकांना आजाराचं कळतच नाही. निघालं उलटंच, बहुतेकांना लक्षणं जाणवत होती, निम्म्याहून जास्त लोक उपचारासाठी कुठे ना कुठे जाऊनही आले होते, आणि कित्येकांना खोकल्याचं औषध देऊन परत पाठवलं होतं. लोक दारात येतच होते. त्या कामाचा मोठा वाटा होता म्हणून आपला टीबीचा कार्यक्रम नेहमीच्या सरकारी दवाखान्यांतूनच चालवायचा ठरला. साठ वर्षं झाली याला, आणि आपण अजून सहकार्य करत नाही असं लिहितो, मला खरंच राग येतो.

नवऱ्याची काळजी वेगळी, हिला गावी धाडू का, पोरांना लागंल. त्याला मी मद्रासच्या अभ्यासाचं सांगितलं, 1956 पासून तिथे काही पेशंट सॅनेटोरियममध्ये आणि काही घरीच ठेवून तपासलं होतं, तेच औषध, आणि घरी राहिलेल्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. गोळ्या चालू राहणं महत्त्वाचं. पोरांची तपासणी लावली.

उलट्या होत होत्या म्हणून मेडिकल ऑफिसरांनी आधी लिव्हरच्या तपासण्या करून घेतल्या, त्या नॉर्मल आल्या, थुंकी परत पाठवली ती निगेटिव्ह. मग गोळ्यांची वेळ बदलून दिली, रात्री भाकरी खाल्ल्यावर, झोपायच्या आधी. आठवण कोण करणार हे तिनेच ठरवायचं होतं, तिने जावेचं नाव घेतलं. मुकादमाला सांगू नका म्हणाली, नाही सांगितलं. टीबीच्या पेशंटला सरकारकडून मिळणारे पोषणाचे महिन्याचे 1000 रुपये गावाकडच्या खात्यात पडत होते आणि पासबुक सासऱ्याकडे, तेही सोडवायला बराच वेळ गेला, पण सोडवलं.

कारखाना बंद झाल्यावर ती परत गेली, तिकडून ट्रीटमेंट कम्प्लीटची नोंद आली. आता आम्ही कार्ड काढतानाच विचारतो, पुढचे सहा महिने कुठे असणार, किती वाजता उठता, जेवण कधी. बीडकडच्या लोकांनाही सांगून ठेवलंय की टोळ्या निघायच्या आत यादी पाठवा. पण रक्त तपासायला ती आली त्या दिवशीचा खाडा मुकादमाने लावलाच, पैसे कापले गेले. तो खर्च भरून द्यायची सोय आमच्याकडे नाही, मी मीटिंगमध्ये दोनदा मांडलंय, परत मांडणार आहे.