आमची वाटचाल : पत्रा, लाकूड आणि फुंक

पत्रा कापणं, मँड्रेलवर, म्हणजे साच्याच्या निमुळत्या दांड्यावर, वळवणं, भोकं पाडणं ही कामं हाताला वळण असलेला माणूस लवकर शिकतो. टिन व्हिसलचा, म्हणजे पत्र्याच्या सहा भोकांच्या आयरिश बासरीचा, आवाज मात्र नळीच्या तोंडाशी ठरतो, आणि आमच्या वर्कशॉपची बहुतेक मेहनत त्या दोन इंचांतच झाली आहे.

मी मूळचा मिरजेचा, टूलरूममधला फिटर. नोकरीसाठी मँचेस्टरला आलो, संध्याकाळी आयरिश सेशन, म्हणजे वादकांच्या बैठका, ऐकायला जाऊ लागलो आणि तिथल्या वादकांची व्हिसल दुरुस्त करता करता धंदा उभा राहिला. हिशेब आणि पार्सलं पहिल्यापासून बायकोकडे. जागाही योग्यच मिळाली म्हणायची. सफोकमधल्या कॉनी वेस्टनचा शेतमजूर रॉबर्ट क्लार्क १८४३ साली हातगाडीवर अवजारं घालून चालत याच शहरात आला, आणि कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची व्हिसल त्यानं इथेच कारखान्यात बनवायला घेतली.

आमचीही बांधणी तीच. नळी टोकाकडे निमुळती, पाठीवर उभा जोड, तोंडात सीडरच्या लाकडाची गुट्टी. गुट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये जेमतेम मिलिमीटरभर फट. फुंक तिथून चपटी होऊन निघते आणि खिडकीच्या, म्हणजे नळीत कापलेल्या खाचेच्या, धारेवर आपटते. फट मोठी ठेवली तर दम जास्त लागतो आणि सुरात वारा मिसळतो. बारीक केली तर सूर स्वच्छ येतो, पण जरा जोर झाला की खालचा सूर वरच्या सप्तकात उडतो. गुट्टीवरून पॉलिशपेपरचा एक हात फिरला तरी हा फरक कानाला कळतो.

प्लॅस्टिकच्या तोंडाची व्हिसल बनवा, असा आग्रह एका मोठ्या गिऱ्हाइकानं धरला. आम्ही नाही म्हटल्यावर त्यांनी ऑर्डर बंद केली. ते वर्ष फार ओढाताणीचं गेलं. पण सुराआधीचा तो हलका 'फ्' आणि सुराला लागून येणारा वारा हाच या वाद्याचा जीव आहे. तो आम्ही घालवणार नाही.

सूर लावताना आधी नळीची लांबी, मग खालच्या भोकापासून वर. कानशीनं भोक वाढवलं की सूर चढतो. उतरवायचा तर भोकाच्या कडेवर टेपचा तुकडा लावता येतो. गार नळी उतरलेली बोलते, म्हणून आधी वाजवून गरम करायची.

अलीकडे बासरीवालेही विचारतात. सहाही भोकं झाकल्यावर येतो तो डी, म्हणजे हार्मोनियमची पांढरी दोन. आयरिश वादक बहुतेक वेळा त्यालाच सा धरतो. बासरीच्या बोटांनी मात्र तो मंद्र पंचम. वरची तीन झाकून सा धरा, सगळी मोकळी सोडली की तीव्र मध्यम मिळतो. बोटं नव्यानं शिकावी लागत नाहीत.

आता पांढरी एकची व्हिसल हातात घेतली आहे. मँड्रेल कातून झालंय, फक्त वरच्या सप्तकातला धैवत अजून किंचित चढा लागतो.