एक बाण, दोन बाण

मे महिन्यात नागपुरात दुपारी दोन ते पाच रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि आमचं इंटरनेट नेमकं तेव्हाच मान टाकतं. फोन केला की नेटवाला म्हणतो, "आमच्याकडून तर ओके दाखवून राहिलं भाऊ, तुमचा राऊटर पाहा." तोंडी भांडून काही होत नाही, पुरावा पाहिजे, म्हणून नोटपॅड उघडलं अन् चार ओळींची बॅच फाइल लिहिली, म्हणजे विंडोजनं एकामागून एक पाळायच्या हुकमांची यादी. वेळ छाप, ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला, एक पिंग मार ('आहेस का?' अशी हाक), मिनिटभर थांब, परत वर जा.

हौसेनं तिचं नाव ठेवलं पिंग डॉट बॅट. चालवली तर नुसती वेळच वेळ धो धो छापत सुटली, कारण पिंग म्हटलं की विंडोज आधी चालू फोल्डरात बघतं, अन् तिथं माझीच फाइल बसलेली, म्हणजे बाई स्वतःलाच हाका मारत होती. नाव बदललं.

मग पिंगचं उत्तर स्क्रीनऐवजी फाइलीत जावं म्हणून त्या ओळीपुढे > लावला आणि कूलरसमोर आडवा झालो. संध्याकाळी बघतो तर आत एकच पिंग, शेवटचा, तोही एकदम ठणठणीत! एक बाण म्हणजे शाळेतली पाटी, आधी पुसणार मग लिहिणार. दोन बाण, >>, म्हणजे आमच्या बाबांचं भिंतीवरचं कॅलेंडर, रोज दुधाचं "१ लि.", "अर्धा", "आला नाही" लिहीत जातात, आणि जुनी कॅलेंडरंही फेकत नाहीत. (हे बाण १९८३ च्या एमएस-डॉस २.० पासूनचे आहेत, तेही युनिक्सकडून उचललेले.)

एवढं करूनही काही कमांडचे एरर फाइलीत न जाता काळ्या खिडकीतच पडतात, त्यांची नळी वेगळी असते, त्यांना 2>&1 लावून ओढून आणावं लागतं, आणि तेही फाइलीच्या नावानंतर, आधी लावलं तर एरर आपले स्क्रीनवरच. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कीबोर्डवर मांजर चालून गेली.

चार दिवसांची फाइल नेटवाल्या पोराला दाखवली. सकाळभर रिप्लाय, रिप्लाय, आणि दोन वाजले की खाली 'रिक्वेस्ट टाइम्ड आऊट'ची, म्हणजे उत्तरच न आल्याची, रांगच रांग. तो बराच वेळ स्क्रोल करत राहिला, मग म्हणे, "गच्चीवर चला बरं." वर त्यांचा स्विच, म्हणजे नेटच्या वायरी जोडायचं यंत्र, पत्र्याच्या डब्यात, भर उन्हात, हात लावला तर चटका. पोरानं डबा पाण्याच्या टाकीमागे सावलीत सरकवला. बाबा त्याच्यावर ओलं पोतं टाकायला निघाले होते, त्यांना कसंबसं थांबवलं.

खाली येऊन त्यांनी चष्मा वर करून ती फाइल नीट पाहिली अन् म्हणाले, "दुधाचंही टाकत जा ना यात."